उंचावर गाडी का बदलते हे समजावणाऱ्या मेकॅनिकदादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

उंच डोंगरवाटांवर एटीव्ही, म्हणजे रुंद टायरांची, हॅंडलने वळवायची चारचाकी चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे आभाराचं पत्र. उघडं लिहितोय, म्हणजे तुमचं शिकवणं आमच्यापुरतं राहणार नाही. 'हे करा, ते करू नका' म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी कारण सांगितलंत, आणि कारण बहुतेक वेळा एकच निघालं: वर हवा विरळ आहे.

टायरचंच घ्या. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा असतेच किती? बहुतेक गाड्यांना 4 ते 7 पीएसआय (टायरचा दाब मोजायचं माप). मोटारीच्या गेजवर हा आकडा धड वाचताही येत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्यायला तुम्ही लावलंत. पुढचा हिशोब तर कुणाच्या डोक्यातच नव्हता. गेज टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरकच दाखवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 14.7 पीएसआय, 3000 मीटरवर सुमारे 10.2. म्हणजे बाहेरचा दाब साडेचार पीएसआयने उतरला आणि टायरमधली हवा तेवढीच राहिली. खाली 5 भरलेला टायर वर 20 अंश जास्त थंडी असली तरी 8 च्या आसपास दाखवतो. मोटारीच्या 32 मध्ये तीन वाढले तर कळणारही नाही. इथे तेवढ्यानेच दाब दीडपटीहून जास्त होतो. असा फुगलेला टायर सुट्या दगडांवर चेंडूसारखा उडतो आणि हॅंडल हातात ठरत नाही. लोक दोष सस्पेन्शनला देतात.

म्हणून वर पोचल्यावर, टायर थंड असताना हवा मोजायची आणि जास्तीची सोडायची. अर्धं काम इथेच होतं; उरलेलं अर्धं उतरल्यावर. वर 5 ला आणलेला टायर पायथ्याशी दीड-दोनवर येतो. मग दगड थेट रिमवर बसतो, वळणावर टायरची कड रिमवरून निसटते. छोटा पंप सोबत हवाच. आणि एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

इंजिनाचं गणित तुम्ही एका ओळीत सांगितलंत: दर 300 मीटरला साधारण 3 टक्के ताकद गेली असं धरा. 3000 मीटरवर जवळजवळ तीस टक्के. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवेचा दाब ओळखून पेट्रोल कमी करते, त्यामुळे ती धूर ओकत नाही. पण गेलेली ताकद तिलाही परत आणता येत नाही. कार्बोरेटरची गाडी हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ओढते. काळा धूर, काजळी धरलेला प्लग, थ्रॉटल पूर्ण दाबला की गाडी गुदमरते. उपाय म्हणजे लहान मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं तो भाग. खरा धोका मात्र उतरल्यावर आहे. लहान जेटवर दाट हवेत गाडी चालवली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो आणि ताण वाढला तर पिस्टन वितळतो. जेट बदललं की त्याच्या नंबराची चिठ्ठी हॅंडलला बांधायची आणि मूळ जेट बसेपर्यंत ती काढायची नाही, ही तुमची सवय आता आमच्या प्रत्येक गाडीवर दिसते.

इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या बेल्टबद्दल तर तुमचे किती आभार मानावेत! चढावर गाडी दमली की अंगठा आपोआप थ्रॉटल आणखी दाबतो, तेही हाय रेंजमध्येच, म्हणजे वेगाच्या गिअरमध्ये. आधीच ताकद कमी, त्यात चाकं फिरत नाहीत, आणि पुलीवर बेल्ट घसरत राहतो. एकाच जागी घासून त्यावर चट्टा पडतो. नंतर सपाटीवरही गाडी ठक-ठक धक्के देते. चढ तीव्र किंवा वेग पायी चालण्याएवढा असेल तर सरळ लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर. जळक्या रबराचा वास आला की न्यूट्रलमध्ये थांबून इंजिन चालू ठेवायचं, कारण पुलीचे पंखेच आतली गरम हवा बाहेर काढतात. इंजिन बंद केलं की उष्णता तिथेच कोंडते. ओढ्यात बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी शिरलं तर ड्रेन प्लग उघडून न्यूट्रलमध्येच हलके रेव्ह द्यायचे. वितळत्या बर्फाचे ओढे दुपारी फुगतात, तेव्हा असे ओढे सकाळीच ओलांडलेले बरे. दुपारच्या विजांच्या आधी माथ्यावरून उतरायचं असतंच.

चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं, हे तुम्ही सपाटीवर घोटून घेतलंत ते बरं झालं. वजन पुढे, ब्रेक दाबून धरायचा, गिअर पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक, मग चढाच्या बाजूने उतरायचं. गाडी मागे घरंगळू लागलीच तर घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. त्यानेच ती मागच्या चाकांवर उभी होऊन अंगावर येते. अंग चढाकडे झुकवून पुढचा ब्रेक हळूहळू लावायचा, आणि पूर्ण थांबल्यावरच मागचा.

उतारावर इंजिन गाडी आवरतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच बेल्टवाल्या गाड्यांत आरपीएम फार खाली गेले की क्लच सुटतो आणि गाडी एकदम मोकळी धावू लागते. अशा वेळी थ्रॉटलला किंचित टिचकी द्यायची. क्लच पुन्हा धरतो. वेग कमी करताना वेग वाढवायची कळ दाबायची हे मनाला पटतच नाही, म्हणून सौम्य उतारावर सराव करून घेतलात. लांब उतारावर ब्रेकचा लीव्हर स्पंजासारखा मऊ लागला तर ब्रेक ऑइल उकळायला लागलंय. थांबायचं, निवू द्यायचं.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. 3000 मीटरवर साधं पाणी 90 अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंटच हवं, आणि झाकणाचं रबर शाबूत हवं. आणि खाली गच्च बंद केलेला पेट्रोलचा कॅन वर फुगलेला असतो. झाकण पाव फेरा फिरवून आधी हवा सोडायची, तीही तापलेल्या सायलेन्सरपासून लांब.

गाडीच्या माणसाने माणसांच्या तब्येतीबद्दल एवढं ठाम बोलावं, याचं आम्हाला विशेष वाटतं. यंत्र तासाभरात हजार मीटर चढवतं, शरीराला ते झेपत नाही. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. कुणाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता आलं नाही तर त्याच्या मेंदूला सूज आल्याची शंका घ्यायची, त्याच्या हातात हॅंडल द्यायचं नाही, आणि सकाळची वाट न बघता त्याला सोबतीने खाली न्यायचं. गाडी वर राहिली तर राहू दे, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा आम्ही सगळे गप्प ऐकत होतो.

एक मागणं आहे. कायम उंचावरच राहणाऱ्या गाड्यांच्या क्लचमध्ये हलकी वजनं घालतात, ती किती हलकी घ्यायची ते एकदा पुली उघडून दाखवा. पुलर (पुली काढायचं अवजार) आणि नवा बेल्ट आम्ही घेऊन येतो.

तुमचे ऋणी,
डोंगरवाटांवरचे एटीव्हीवाले