काळ्या स्वेटरवाल्या बाईंना

इंग्लंडातल्या ह्यूएंडेनला, डिझरायलीच्या घरातल्या त्या खोलीत दाराशी बसलेल्या बाई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. छातीवर बिल्ला होता, पण तो वाचायचं मला सुचलं नाही आणि अण्णांना तो दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून नुसतं 'बाई' म्हणते. आमच्याकडे शाळेत शिकवणारीला बाईच म्हणतात, तेव्हा हा मान समजा. पत्र मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहायला बसले की 'थँक यू सो मच'च्या पुढे पेन सरकत नाही. धाकटी बहीण तिकडेच रेडिंगला असते, ती इंग्रजी करून धाडणार आहे.

अण्णा वाईच्या शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवत होते. आता डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे. समोर बघितलं की बरोबर मधोमध एक राखाडी डाग येतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. माझं तोंड बघायचं तर ते माझ्या कानाकडे बघतात! तरी लेकीकडे जायचं ठरलं तसं त्यांनी एकच धोसरा धरला : "त्या डिझरायलीचं तोंड बघून यायचंय."

प्रेमाने नव्हे हो. १८७६ साली ब्रिटनचा पंतप्रधान असताना याच माणसाने पार्लमेंटात कायदा करून व्हिक्टोरियाला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' केलं आणि १ जानेवारी १८७७ ला त्याच्या लिटनसाहेबाने, म्हणजे इथल्या व्हाइसरॉयने, दिल्लीत दरबार भरवला. इकडे दख्खनमध्ये त्याच वेळी दुष्काळाने माणसं मरत होती. हा धडा अण्णा पुस्तक मिटून शिकवत. वर्गात आवाज चढायचा त्यांचा.

तुमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका जुन्या वाड्यात आम्ही गेलो होतो. नाव घेत नाही. तिथेही भिंतभर तैलचित्रं होती. अण्णा एका चित्रासमोर मान वाकडी करून उभे राहिले, जरा पुढे झुकले, तर तिथला माणूस येऊन म्हणाला, मागे लोक खोळंबलेत, पुढे चला. मागे दोनच माणसं होती, आणि तीही मोबाइलात. पण त्यालाच कशाला बोल लावू? गाडीत बसल्यावर मीच म्हणाले होते, "अण्णा, नेटवर मोठं करून दाखवते की घरी." ते काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून टोचतं.

म्हणून तुमच्या खोलीत शिरताना मी आधीच घड्याळ बघत होते. रंग विटू नयेत म्हणून पडदे अर्धे ओढलेले, आणि जो काही उजेड होता तो नेमका चित्रावरच्या व्हार्निशवर पडून चकाकत होता. धड डोळ्यांच्या माणसालाही तिथे कोट आणि चौकट एवढंच कळलं असतं. अण्णा डावीकडून बघून आले, उजवीकडून बघून आले. मग रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. दोष चष्म्याचा नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

तुम्ही काही विचारलं नाहीत. उठलात, अंगातला काळा स्वेटर काढलात आणि खिडकी नि चित्र यांच्यामध्ये उभं राहून, दोरीवर धुणं वाळत घालावं तसा दोन्ही हातांनी उंच ताणून धरलात. चकाकी गेली. डिझरायलीचे काळे कुरळे केस दिसायला लागले, मग कपाळ, मग नाक. अण्णा एकेक तुकडा कडेच्या नजरेने टिपत होते. कान बघून नाक, नाक बघून ओठ.

किती वेळ? माझ्या अंदाजाने आठ-दहा मिनिटं तरी. मध्ये एक जोडपं आलं, तुमच्याकडे विचित्र नजरेने बघून गेलं. तुम्ही हात खाली घेतले नाहीत.

आणि अण्णा हसले. म्हणाले, "१८५२ चं चित्र ना हे? ग्रँटने काढलेलं? मग याने अजून काहीच केलेलं नाही. याचं बजेट अजून पडायचंय डिसेंबरात!" मी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि तुम्ही मोठ्याने हसलात, स्वेटर हलला, क्षणभर पुन्हा चकाकी आली. त्याच वर्षी अर्थमंत्री झाला, ग्लॅडस्टनने सभागृहात त्याच्या अंदाजपत्रकाच्या चिंध्या केल्या आणि सरकारच गेलं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मग अण्णांनी दिल्ली दरबाराचं काढलं. मला धाकधूक, पाहुणे म्हणून घरात येऊन यजमानाची उणीदुणी कशाला काढायची! पण तुम्ही हात वर धरूनच ऐकलंत. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना आम्ही सार्वजनिक काका म्हणतो, ते त्या झगमगाटात हाताने विणलेल्या खादीत जाऊन बसले होते, हे ऐकल्यावर तुम्ही नाव पुन्हा विचारलंत. सावरासावर केली नाहीत, 'त्या काळी तसंच असायचं' असंही म्हणाला नाहीत. "हे मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणालात.

त्या घरातल्या जेवणघराची एक गोष्ट सांगतात. १८७७ साली राणी जेवायला आली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून डिझरायलीने खुर्चीचे पाय कापून घेतले. बहिणीला ती भारी आवडली. अण्णा म्हणाले, "राणीसाठी कोणीही कापेल."

वाईला परत येऊन तीन आठवडे झाले. काय काय बघितलं हे विचारायला शेजारीपाजारी येतात. अण्णा चित्राचं दोन वाक्यांत उरकतात आणि तुमच्या स्वेटरवर येतात. ऐकणाऱ्याला उठून हात वर धरायला लावतात, आणि दोन मिनिटांत त्याने खाली घेतले की खूश होतात.

काल रात्री दिवा मालवताना मला म्हणाले, "अगं, त्या बाई साठीच्या पुढच्या असतील. खांदे दुखले असतील का गं त्यांचे?"

तेवढं कळवाल का?

तुमची,
अण्णांची थोरली