सागरी प्लायवूड म्हणून विकलेल्या सदोष मालाबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : ‘मरीन’ ग्रेड म्हणून विकलेल्या १९ मिमी व ४ मिमी प्लायवूडचे थर सुटल्याबाबत आणि आपण हमी नाकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे ‘मरीन’ ग्रेडचे प्लायवूड मी कोल्हापुरातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून विकत घेतले. त्यात १९ मिमी जाडीच्या सहा आणि ४ मिमी जाडीच्या पाच शीट होत्या; बिलाची व हमीपत्राची प्रत सोबत जोडली आहे. हे प्लायवूड मी घरी बांधत असलेल्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरसाठी घेतले होते. पहिल्याच पावसाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या या ट्रेलरच्या भिंतींचे थर कडेने सुटले आणि छताच्या शीटवर फुगे आले. याची तक्रार केल्यावर आपल्या प्रतिनिधीने आधी फोनवर आणि मग ईमेलने असे कळवले की, हे प्लायवूड फर्निचरसाठी असून वाहनासाठी वापरल्यामुळे हमी लागू होत नाही. पाहणीला कोणीही न येता माझी तक्रार बंद करण्यात आली. हा निर्णय मला मान्य नाही आणि त्याची कारणे आपल्यासमोर सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

मी काय बांधत होते हे आपल्या प्रतिनिधीला नीट समजले नसावे, म्हणून आधी ते सांगते. या प्रकाराला टीअरड्रॉप ट्रेलर म्हणतात. बाजूने पाहिल्यास त्याचा आकार आडव्या थेंबासारखा दिसतो. आत दोन माणसे झोपतील एवढी जागा असते आणि मागचे झाकण वर उचलले की छोटा ओटा, शेगडी आणि सामानाचे कप्पे समोर येतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात लोकांनी असे ट्रेलर घरच्या घरी बांधायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धसामग्रीतून उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि जीपची चाके स्वस्तात मिळू लागल्याने त्यांची संख्या आणखी वाढली आणि १९४७ मध्ये तिथल्या एका लोकप्रिय मासिकाने त्याचे आराखडेही छापले. आठ बाय चार फुटांची प्लायवूडची शीट घ्यायची आणि तिच्यातून अख्खी भिंत कापायची, ही त्याची मूळ रीत आहे. तेव्हा ट्रेलरला प्लायवूड वापरणे हा माझा काही विचित्र प्रयोग नव्हता. या वस्तूचा जन्मच प्लायवूडमधून झालेला आहे.

मी पेशाने आरेखक आहे आणि असा ट्रेलर प्रथमच बांधत होते, त्यामुळे सामान निवडताना मी कुठेही काटकसर केली नाही. चासी मान्यताप्राप्त ट्रेलर उत्पादकाकडून घेतली. परिवहन कार्यालयाच्या परवानगीचे काम स्वतंत्रपणे चालू असून त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. टीअरड्रॉपच्या आत लोखंडी सांगाडा नसतो. दोन बाजूच्या भिंती हाच त्याचा सांगाडा असतो. छताच्या आडव्या पट्ट्या त्या भिंतींनाच स्क्रूने बसवतात, दारांच्या बिजागऱ्या त्यांच्यातच धरतात आणि मागच्या झाकणाचे सगळे वजन शेवटी भिंतींच्या वरच्या कडांवर येते. घरातल्या कपाटाचे एखादे दार फुगले तर ते काढून दुसरे बसवता येते. इथे भिंत गेली की सगळेच उतरवावे लागते. शिवाय हा ट्रेलर राधानगरी, गगनबावडा, आंबोली या भागांत न्यायचा होता आणि तिथला पाऊस कोल्हापूरच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. म्हणूनच बाजारात एम.आर. ग्रेडचे (केवळ दमटपणा सोसणारे) प्लाय बरेच स्वस्त मिळत असतानाही मी विक्रेत्याला स्पष्ट शब्दांत सांगितले की, मला आय.एस. ७१० या, सागरी प्लायवूडच्या भारतीय मानकाचेच प्लायवूड हवे आहे. माझ्या बिलावरही ‘मरीन, आय.एस. ७१०’ असेच लिहिलेले आहे.

आता मालाविषयी. पहिल्या भिंतीचा आकार जिगसॉने कापला तेव्हाच आमच्या सुतारमिस्त्रींनी मला बोलावून कापलेली कड दाखवली. आतल्या थरांमध्ये पोकळ्या होत्या. त्यांतल्या एका पोकळीत सहा इंची स्टीलची पट्टी जवळजवळ दोन इंच आत गेली. याहूनही गंभीर गोष्ट त्या कडेवर दिसली ती चिकटद्रव्याच्या रेषांची. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, चिकटा वापरला की दोन थरांमधली रेषा गडद तपकिरी दिसते. आपल्या शीटमध्ये दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागालगतची एकेक रेषा तशी तपकिरी आहे, परंतु आतल्या सगळ्या रेषा फिकट, जवळजवळ लाकडाच्याच रंगाच्या आहेत. आत कोणता चिकटा वापरला आहे हे डोळ्यांनी पाहून मी ठरवू शकत नाही. ते प्रयोगशाळेने ठरवावे. मात्र एकाच शीटमध्ये दोन रंगांच्या रेषा का असाव्यात, याचे उत्तर आपण द्यावे अशी माझी मागणी आहे. जाडीबाबतही तेच. व्हर्नियर हे जाडी मोजण्याचे साधन लावून पाहिले असता एकाच शीटच्या दोन टोकांच्या जाडीत सव्वा मिलिमीटरचा फरक आढळला. जमिनीची फळी ज्या खाचेत बसवायची ती खाच त्यामुळे एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल झाली.

या सगळ्या गोष्टी मी त्याच आठवड्यात छायाचित्रांसह आपल्या विक्रेत्याला कळवल्या होत्या. “आतल्या पोकळ्यांचे काही नाही, चिकटा पक्का आहे, पाणी लागले तरी थर सुटणार नाही,” असे त्यांनी लेखी संदेशाद्वारे आश्वासन दिले आणि त्याच आश्वासनावर पुढचे काम झाले.

छतासाठी घेतलेल्या ४ मिमीच्या शीटची अवस्था याहून वाईट आहे. त्या वाकवून आडव्या पट्ट्यांवर दोन थरांत बसवल्या आहेत. पुढच्या वळणाची त्रिज्या अडीच फूट आहे, म्हणजे शीटवर अवाजवी ताण येईल असे ते वळण नाही. तरीही पावसाळ्याच्या दमट हवेत वरच्या थरावर तळहाताएवढे फुगे आले आणि त्यावर बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. आपल्या प्रतिनिधीने याचा दोष ‘वाकवण्या’ला दिला. परंतु फुगे वळणावर जेवढे आहेत तेवढेच मागच्या सपाट भागावरही आहेत. छायाचित्रांत हे स्पष्ट दिसते. तसेच, १९ मिमीच्या शीटवर आय.एस.आय. चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि भारतीय मानक ब्युरोचा परवाना क्रमांक छापलेले आहेत. ४ मिमीच्या एकाही शीटवर परवाना क्रमांक नाही, केवळ ‘मरीन’ असे लिहिलेला कागदी स्टिकर आहे. या जाडीचा माल आपल्या परवान्याखाली तयार होतो की नाही, हे आपण लेखी कळवावे.

ट्रेलर पावसात भिजला असेल, असेही आपल्या ईमेलमध्ये म्हटले आहे. सागरी प्लायवूड विकणाऱ्या कंपनीने पाणी लागल्याचे कारण पुढे करावे, याचे मला मनापासून दुःख झाले. पण तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. कापताना उरलेले तुकडे ट्रेलरला कधी लागलेच नाहीत. ते वाकवलेले नाहीत, त्यांना स्क्रू मारलेले नाहीत आणि ते घरात माळ्यावर कोरड्या जागी ठेवलेले होते. आपल्या माहितीपत्रकात ‘७२ तास उकळूनही थर सुटत नाहीत’ असा दावा मोठ्या अक्षरांत आहे आणि सागरी प्लायवूडच्या मानकातही नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवण्याची चाचणी आहेच. म्हणून १९ मिमीचे काही तुकडे मी जर्मनच्या पातेल्यात, झाकण ठेवून उकळायला ठेवले. पाचव्या तासाला एका तुकड्याचा आतला थर कोपऱ्यातून उचलला गेला. आठव्या तासापर्यंत बहुतेक तुकड्यांचे आतले थर नुसत्या नखाने सुटत होते. नेमक्या तपकिरी रेषांचे सांधे तेवढे शाबूत राहिले. हे सर्व घड्याळासह चित्रित केले असून ती चित्रफीत ईमेलने पाठवली आहे. स्वयंपाकघरातली ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु जो माल ७२ तास टिकायला हवा तो एका दिवसातच असा उलगडत असेल, तर त्याची रीतसर चाचणी करायला कंपनीने टाळाटाळ करण्याचे काहीच कारण नसावे.

राहिला ‘वाहनासाठी वापर’ हा मुद्दा. आपल्या हमीपत्रात मी हे वाक्य शोधले. ते त्यात कुठेही नाही. उलट आपल्याच माहितीपत्रकात या मालाचे उपयोग सांगताना बोटबांधणीचा उल्लेख सर्वांत आधी केला आहे. जे प्लायवूड खाऱ्या पाण्यात लाटांचे हेलकावे सोसण्यासाठी विकले जाते, ते चासीवर चढवले म्हणून हमीबाहेर गेले, हा युक्तिवाद मला समजलेला नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या ट्रेलरमध्ये झोपणाऱ्या आणि त्याच्या मागून येणाऱ्या माणसांची. मागच्या झाकणाची लांब बिजागरी ज्या पट्टीला धरली आहे ती पट्टी भिंतींच्या वरच्या कडेत स्क्रूने बसवलेली आहे. तिथले थर सुटल्यामुळे चार स्क्रू हाताने फिरू लागले आहेत. ही गोष्ट शेडमध्ये लक्षात आली हे नशीब. घाटात, ओढत नेत असताना ते झाकण निखळले असते तर काय झाले असते, याचा आपण विचार करावा. मी एकटीच ग्राहक आहे असे नाही. त्याच लॉटचे प्लाय कोणाच्या बोटीला, कोणाच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखाली लागले असेल. तो लॉट बाजारात अजून शिल्लक असेल तर चाचणी होईपर्यंत त्याची विक्री थांबवावी, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी चाचणीची. भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत दोन्ही जाडीच्या नमुन्यांची चाचणी व्हावी. नमुने आपल्या प्रतिनिधीच्या आणि माझ्या उपस्थितीत कापून, दोघांच्या सह्यांनिशी सीलबंद करावेत आणि चाचणीचा खर्च कंपनीने करावा. न वापरलेली १९ मिमीची एक संपूर्ण शीट मी याच कारणासाठी हात न लावता ठेवली आहे. माल मानकाप्रमाणे नसल्याचे सिद्ध झाल्यास प्लायवूडची किंमत ३३,४६० रुपये आणि त्यावर चढवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, इपॉक्सी, तसेच सुतारकामाची मजुरी मिळून ४४,५०० रुपये, असे एकूण ७७,९६० रुपये मला परत मिळावेत. पत्रा चिकटवलेला असल्याने तो पुन्हा वापरता येण्यासारखा सुटत नाही. नुसते प्लाय बदलून देण्याचा प्रस्ताव मी स्वीकारणार नाही तो यासाठी.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी भारतीय मानक ब्युरोकडे परवाना क्रमांकासह तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याचा आणि आयोगामार्फत नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून घेण्याचा मार्ग या कायद्याने खुला ठेवला आहे. तिथवर जाण्याची माझी इच्छा नाही. या पावसाळ्यात वाया गेलेले काम पुढच्या पावसाळ्याआधी उभे करणे मला अधिक महत्त्वाचे आहे.

पाहणीसाठी येणाऱ्या व्यक्तीने आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे सुतारमिस्त्रींनाही बोलावून घेता येईल. प्लायवूडचे तांत्रिक ज्ञान असलेलीच व्यक्ती पाठवावी, ही विनंती. तोपर्यंत ट्रेलर, उकळलेले तुकडे आणि शिल्लक शीट आहे त्या स्थितीत ठेवली जातील.

आपली विश्वासू,
तक्रारदार ग्राहक, कोल्हापूर