मंत्रिमहोदय, सोफा सोडा आणि टेबलासमोर बसा

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सांगलीतल्या पूरग्रस्तांच्या बैठकीत आपण शब्द दिला होता, की पूर, कृष्णेवरचं कर्नाटकातलं आलमट्टी धरण आणि नुकसानभरपाई या तिन्हींवर टीव्हीवर तासभर बसेन आणि विचाराल त्याचं उत्तर देईन. तो तास परवा पार पडला. त्यात आपलं आवडतं गाणं आलं, भडंग आलं, कॉलेजातले मित्र आले, मातोश्रींचा चित्रित संदेश आणि त्यावर आपल्या डोळ्यांत पाणीही आलं. पुराचा विषय शेवटच्या जाहिरातीनंतर निघाला. "पूर आला की मनात काय येतं?" एवढाच प्रश्न. आपण म्हणालात, फार वाईट वाटतं. टाळ्या झाल्या आणि कार्यक्रम संपला.

सूत्रसंचालिकेबद्दल तक्रार नाही. तिचं काम तिने चोख केलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी नाटक उभं केलं, त्या गावाला करमणुकीचं वावडं कसं असेल? तक्रार आपल्याबद्दल आहे, कारण मुलाखतीचा हा प्रकार आपण निवडलात.

करमणुकीची मुलाखत आधीच बांधलेली असते. संशोधन करणारा सहायक काही दिवस आधी फोन करून पाहुण्याकडून किस्से काढून घेतो, त्यातले रंगतील ते निवडतो आणि सूत्रसंचालिकेच्या हातातल्या कार्डांवर क्रमाने लावतो. प्रश्न म्हणजे त्या किश्शाकडे जाणारं दार. बैठक सोफ्याची, तीही तिरकी, म्हणजे दोघं जवळचे वाटतात. प्रकाश चहूबाजूंनी मऊ ठेवतात, चेहऱ्यावर सावली पडू देत नाहीत. सुरुवात सोप्या प्रश्नाने होते आणि नाजूक विषय पाहुणा सैलावल्यावर, शेवटाकडे येतो. चित्रीकरण प्रक्षेपणापेक्षा बरंच लांब चालतं. संकलनात अडखळणं कापलं जातं, आणि एका उत्तरावरचं हसू दुसऱ्या उत्तराखाली बसवणंही अवघड नसतं. उत्तर खरं आहे का, हे तिथे कोणी तपासत नाही. रंगलं का, एवढंच पाहतात. नटाला, गायकाला हे शोभतं, कारण त्याच्या उत्तरावर कोणाच्या घराचा पंचनामा अवलंबून नसतो.

बातमीच्या मुलाखतीत पाहुण्याला विषय कळवतात, प्रश्नांचे शब्द कळवत नाहीत. एक कॅमेरा पाहुण्यावर, एक मुलाखतकारावर आणि एक दोघांवर असतो. प्रश्न चालू असतानाही पाहुण्याचा चेहरा दाखवता यावा, म्हणून त्याच्यावर वेगळा कॅमेरा. मुलाखतकार तोंडाने "हो, बरोबर" म्हणत नाही. तो आवाज उत्तरावर चढतो आणि ऐकणाऱ्याला संमती वाटतो. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, कारण दोन एकत्र विचारले की राजकारणी त्यातला सोपा उचलतो. अवघड प्रश्न मुलाखतीच्या पहिल्या एक-तृतीयांश वेळात यावा लागतो. शेवटी ठेवला तर पाहुणा आधीचीच उत्तरं लांबवून वेळ खातो. उत्तर संपल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहायचं. ती शांतता भरायला माणूस बोलतो, आणि बरेचदा खरं तेच बोलतो. सगळ्यात महत्त्वाचा असतो उपप्रश्न, म्हणजे मिळालेल्या उत्तराला धरून लगेच विचारलेला पुढचा प्रश्न. १९९७ च्या मे महिन्यात बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला. सरळ उत्तर मिळालं नाही, आणि ते मिळालं नाही हे देशाने पाहिलं.

सोफ्यावर मुलाखती घेणारा माणूस हे करू शकत नाही असंही नाही. डेव्हिड फ्रॉस्ट करमणुकीच्या कार्यक्रमांतूनच नावारूपाला आले होते. १९७७ मध्ये त्यांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची मुलाखत घेतली, त्याचं चित्रीकरण पावणेएकोणतीस तास चाललं. फ्रॉस्ट यांच्या संशोधकांनी निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेपांचे अप्रकाशित उतारे आधीच खणून काढले होते, म्हणून ज्या वॉटरगेट प्रकरणात त्यांचं पद गेलं, त्यावर निक्सन यांना निसटता आलं नाही. आपल्या त्या तासात टेबलावर एकही कागद नव्हता.

आता आपल्याला काय विचारायला हवं होतं ते सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. "आलमट्टीचं काय करताय?" असं विचारलं तर आपण तीन मिनिटं भाषण कराल. म्हणून प्रश्न असा हवा: पावसाळ्यात आलमट्टीत कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचं, याचा बंधनकारक लेखी करार कर्नाटकशी झाला आहे का? हो की नाही? पुढचा: धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला आपल्या सरकारचा विरोध आहे, पण राज्य सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नव्हतं, मग हा विरोध कोणत्या अभ्यासावर उभा आहे? तो अभ्यास कुठे वाचायला मिळेल?

उत्तरं आपल्याला ठाऊक असतील तर हे प्रश्न चार मिनिटांचे आहेत. ठाऊक नसतील तर तेही सांगलीला कळलं पाहिजे. घरात गाळ शिरलेला माणूस, भिजून काळी पडलेली हळदीची पोती उपसणारा व्यापारी, २००५ च्या पुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवं गेलेलं सांगलीजवळचं हरिपूर, यांनी आपलं आवडतं गाणं ऐकायला टीव्ही लावला नव्हता. लोक रात्री जागून थांबले होते. आपण त्यांना फसवलंत, मंत्रिमहोदय. याला दुसरा शब्द नाही.

आणि हे एकट्या आपलं नाही. मुलाखतीआधी प्रश्नांची यादी मागणारे जनसंपर्क अधिकारी सगळ्याच पक्षांत आहेत. सरकारी जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीने सरकारला अडचणीत आणणारा उपप्रश्न विचारावा, ही अपेक्षाच या व्यवस्थेने मोडून टाकली आहे. जिल्ह्यातल्या स्ट्रिंगरला, म्हणजे पगारावर नसलेल्या बातमीदाराला, बातमीमागे पैसे मिळतात. त्याच्या वाट्याला आपल्या गाडीच्या दारातला वीस सेकंदांचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं एखादं वाक्य, येतो, आणि पाण्याची पातळी तोंडपाठ असलेला तोच माणूस स्टुडिओत कधी बसत नाही. कायदासुद्धा असाच. परवानगी देताना बातम्यांची वाहिनी वेगळी आणि बिगरबातम्यांची वेगळी. वाहिन्यांच्या संघटनांनी नेमलेली तक्रार मंडळंही वेगळी. मंत्र्याने करमणुकीच्या मंचावर पुराबद्दल बोलायचं आणि उत्तर द्यायचं नाही, ही तक्रार कोणाकडे न्यायची? वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा, असा २०२१ पासून नियम आहे. पण न विचारलेल्या प्रश्नाबद्दल तक्रार करायला त्यात रकाना नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमार यांनी पंतप्रधानांची मुलाखत घेतली, तेव्हा ती 'अराजकीय' आहे हे निदान आधी सांगितलं होतं. आपण पुराचं नाव सांगून करमणूक दाखवलीत.

म्हणून मागणी एवढीच. मुलाखत सांगलीत व्हावी. प्रेक्षक नकोत, संगीत नको, कार्यकर्ते दाराबाहेर, आणि स्वीय सहायक आपल्या नजरेसमोर नको, म्हणजे खुणा होणार नाहीत. जाहिरातींना तासात १२ मिनिटांची मर्यादा आहे, उरलेली ४८ मिनिटं सलग चित्रित व्हावीत आणि न कापता दाखवावीत. प्रश्न नंतर पुन्हा बोलून चित्रित करू नयेत, त्यात शब्द बदलतात आणि उत्तराचा अर्थही बदलतो. विचारणारा इथला, पाण्याचा हिशेब समजणारा पत्रकार असावा, आणि त्याला उपप्रश्नांची मुभा असावी. करार, अहवाल, भरपाईच्या याद्या आपण सोबत आणाव्यात.

जूनच्या आधीची तारीख कळवावी.

आपला,
टीव्ही निर्मितीत काम केलेला एक सांगलीकर