मळणीच्या आधी कान तपासून घेऊ

कळवा, ठाणे

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. आई, मसाला मिळाला.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते. ती स्पष्ट बोलते, बाबा. फोनवर हे बोलणं धड होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

शहापूरला मी ज्या पोरांना औजारांची दुरुस्ती शिकवतो, ती बहुतेक भातशेती करणाऱ्या घरांतली. पत्र्याच्या शेडमध्ये फाळाला धार लावायला दोन ग्राइंडर एकदम सुरू झाले की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून यंदा वेल्डिंगच्या आधी कानांचा धडा घेतला. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम चालतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ग्राइंडर १०० च्या घरात जातो. हिशोब पोरांकडूनच फळ्यावर करून घेतला: उरली फक्त १५ मिनिटं! हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर कानाला काहीतरी लावायलाच हवं, हेही घोटून घेतलं.

मग फोमचे बोळे. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. एकाचा निम्मा बाहेरच होता. पुन्हा बसवून घेतला तर म्हणतो, "सर, माझाच आवाज डोक्यात घुमतोय." म्हणजे नीट बसला. कापसाने मात्र काही भागत नाही.

बाबा, आतल्या कानातल्या नाजूक पेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. दुखत काहीच नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आधी बारीक आवाज जातात: स, श, फ, लहान मुलांचं बोलणं. म्हणून तुम्हाला ट्रॅक्टर लांबून कळतो आणि नातीचे शब्द कळत नाहीत. नुसतं वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. इतकी वर्षं तुम्ही मळणीयंत्राला खेटून उभे राहिलात.

गहू-ज्वारीच्या मळणीआधी चार दिवस इकडे या. डॉक्टर आधी कानात मळ आहे का बघतील, मग शांत खोलीत हेडफोन लावून चाचणी होईल. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. श्रवणयंत्र लागलं तर घेऊ. लाज कसली त्यात?

कानांवर लावायचे दोन मफ पाठवतोय. एक बाबांना, दुसरा यंत्रात पेंढ्या घालणाऱ्या गड्याला. मफलर गुंडाळून त्यावर मफ चढवू नका, फट राहते आणि आवाज आत शिरतो. टोपीही कानांवरून वर सरकवा.

आई, बाबा टाळाटाळ करतील. तारीख तूच ठरव आणि कळव, मी घ्यायला येतो.

तुमचा मुलगा