प्रयोगशाळेतील काकांस आभाराचे पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

प्रबंधातील ऋणनिर्देशाच्या पानावर विभागप्रमुख, मार्गदर्शक, आई-वडील असा क्रम ठरलेला असतो आणि तंत्रज्ञाच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ येते. तुमच्यासाठी ती अर्धी ओळ मला फारच अपुरी वाटली, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

माझा विषय होता मधुमेहामुळे गालाच्या आतील अस्तराच्या पेशींत होणारे बदल. हे अस्तर साधारण दोन आठवड्यांत नवे होते. तळाशी तयार झालेल्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि अखेर लाळेबरोबर गळून जातात. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की प्रथिनांना साखर चिकटून बनलेली संयुगे ऊतींत साचतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि अस्तराचे पोषण घटते. बऱ्याच रुग्णांत लाळही कमी होते आणि कोरड्या पडलेल्या तोंडात कॅन्डिडा बुरशीला मोकळे रान मिळते. अशा रुग्णांच्या गालातील पेशी खरवडून मोजल्या असता केंद्रकाचे क्षेत्रफळ वाढलेले, पेशीद्रवाचे मात्र फारसे न बदललेले, असे एकाहून अधिक अभ्यासांत आढळले आहे. पेशींची उलाढाल मंदावल्यामुळे जुन्या पेशी अस्तरात अधिक काळ टिकत असाव्यात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

अडचण अशी, की केंद्रक मोठे दिसण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी पहिले तर स्लाईडवरच जन्माला येते. स्मिअर, म्हणजे खरवडलेल्या पेशींचा काचेवरील पातळ थर, हवेत वाळला की पेशी काचेवर पसरते, केंद्रक फुगल्यासारखे दिसते आणि त्याची कड पुसट होते. म्हणजे जो बदल मोजायचा, नेमका तोच आपल्या हातून तयार होतो. म्हणूनच स्मिअर ओला असतानाच बुडवण्यासाठी 95 टक्के अल्कोहोलची बरणी रुग्णाच्या खुर्चीला लागून असल्याशिवाय तुम्ही कोणाला ब्रश हातात घेऊ दिला नाहीत. "आधी बरणी, मग रुग्ण" हे तुमचे वाक्य आमच्या तुकडीत थट्टेचा विषय होते, परंतु माझी मोजमापे त्याच वाक्यावर उभी आहेत. मधुमेही आणि निरोगी गटांच्या स्लाईड एकाच वेळी, एकाच रंगद्रव्यात रंगवायच्या, आणि मोजणाऱ्याला कोणती कोणाची हे कळू नये म्हणून नावे झाकून क्रमांक चिकटवायचे, हीदेखील तुमचीच शिस्त. केंद्रके रंगवणाऱ्या हेमॅटॉक्सिलिननंतर नळाच्या पाण्याखाली केंद्रके निळी होत असताना तुम्ही घड्याळाकडे न पाहता स्लाईड उजेडात धरायचात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

मात्र तुमचे सर्वात मोठे ऋण मिश्रीचे, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचे आहे. तंबाखूनेही या पेशी बदलतात, म्हणून तंबाखूचे व्यसन असणारे रुग्ण आम्ही वगळत होतो. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला ग्रामीण भागातून आलेल्या अनेक बायका अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री हे दात घासण्याचे साधन आहे, व्यसन नव्हे. "मावशी, सकाळी दाताला काय लावता?" असा प्रश्न छापील प्रश्नावलीत घालण्याची सूचना तुम्ही केलीत. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून माझ्या हाती लागली नसती.

ब जीवनसत्त्व 12 चे तसेच. त्याच्या कमतरतेत गालातील पेशींची केंद्रके मोठी होतात, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या काही रुग्णांत नेमकी हीच कमतरता निर्माण होते. औषधाची चिठ्ठी पाहून ही नोंद घेण्याची आठवण तुम्ही केलीत, तेव्हा मार्गदर्शकांनीही मान डोलावली होती.

केंद्रक मोठे दिसले की मनात कर्करोगाची शंका येते. तेथेही घाई न करता केंद्रकाची कड नितळ आहे की वेडीवाकडी, त्यातील क्रोमॅटिन (गुणसूत्रांचे द्रव्य) एकसारखे पसरले आहे की गडद आणि खडबडीत, हे शांतपणे पाहायला तुम्ही शिकवलेत. शंका उरलीच, तर स्मिअरवर विसंबायचे नाही, ऊतीचा तुकडा तपासायचा. मधुमेहाचे निदानही या पेशींवरून होत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक हा त्यातील एक निकष आहे. पेशी मोजण्याच्या या पद्धतीचा गवगवा होऊ लागला आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

नवी तुकडी लवकरच स्मिअर घ्यायला शिकणार आहे. निवृत्तीनंतर तुम्हाला त्रास देणे योग्य नव्हे, तरीही सवड काढून एक दिवस विभागात यावे, ही विनंती. बरणी खुर्चीजवळ ठेवलेली असेल, याची हमी मी देते.

आपली कृतज्ञ,
मौखिक विकृतिशास्त्राची एक विद्यार्थिनी