पंख्याचा षड्ज उतरवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताईंस,
स. न. वि. वि.

आपले नाव कुठेही येऊ नये असे आपण बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र सर्वांना वाचता यावे असे लिहितो आहे, कारण आपण मला जे दिलेत त्याची गरज घरातून गाणे शिकवणाऱ्या अनेकांना आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना दुकानात मला मिळाले तेच उत्तर मिळत असणार: "एवढा आवाज असायचाच."

गेली काही वर्षे मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या माडीवरून पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्यांना संगणकावरून ख्याल शिकवतो. ज्यांनी असे शिकवले आहे त्यांना ठाऊक असेल की अशा संवादाच्या सोयीत गोंगाट आपोआप गाळण्याची व्यवस्था असते आणि ती अखंड चालणाऱ्या तानपुऱ्यालाही गोंगाटच समजून पुसून टाकते. म्हणून झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू ठेवावा लागतो. तो चालू केला की तानपुरा जसाच्या तसा पलीकडे पोहोचतो, आणि त्याच्याबरोबर खोलीतले बाकी सगळेही पोहोचते. नागपूरच्या एका विद्यार्थिनीने फार संकोचाने विचारले होते, "गुरुजी, तुमच्याकडे दोन तानपुरे लागलेत का? एक जरासा चढा आहे." दुसरा तानपुरा नव्हताच. तो माझ्या संगणकाचा पंखा होता.

ज्यांनी तो संगणक जोडून दिला त्यांच्याकडे मी दोनदा गेलो. नवे कॅबिनेट, म्हणजे संगणकाचा बाहेरचा सांगाडा, घ्या, हा त्यांचा सल्ला होता. पंखे कशामुळे एवढे फिरतात हे तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही, याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक आहे.

रविवारी मुलीला शिकवणीला सोडायला आलात, तेव्हा मी सहज विषय काढला. आपण लगेच काही सुचवले नाहीत. आधी कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून पाच मिनिटे नुसते ऐकत बसलात. मग मुलीच्या दप्तरातली पेन्सिल घेऊन तिचे रबराचे टोक एकेका पंख्याच्या मधल्या गोल भागावर, पात्यांना स्पर्श न होऊ देता, दोन-तीन सेकंद अलगद टेकवलेत. पहिला पंखा थांबला, फारसा फरक पडला नाही. दुसरा, मागचा, थांबला आणि तानपुऱ्याशी भांडणारा तो हेलकावा त्या क्षणी नाहीसा झाला. पेन्सिल उचललीत, तसा तो परत आला. इतक्या साध्या रीतीने दोष नेमका कुठे आहे ते दाखवणारे माणूस मला पहिल्यांदाच भेटले.

त्यानंतर आपण केलेला हिशेब मी वहीत उतरवून ठेवला आहे. पंख्याला सात पाती, स्क्रीनवर वेग मिनिटाला 1210 फेरे. सात गुणिले 1210 भागिले साठ, म्हणजे सेकंदाला सुमारे 141 कंपने. माझा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे 138.6 कंपनांचा. दोहोंतला अडीच-एक कंपनांचा फरक म्हणजेच सेकंदाला दोन-तीनदा येणारा तो हेलकावा. तानपुरा जुळवताना दोन तारा जवळ आल्या की हाच हेलकावा ऐकून आम्ही खुंटी पिळतो. आयुष्यभर ज्या खुणेवर कान ठेवला ती यंत्राच्या पोटातूनही उमटते, हे कळले त्या दिवशी मला खरोखर भरून आले.

कारणही आपण लगेच शोधलेत. कॅबिनेटचे दोन्ही पंखे तीन पिनांचे होते. अशा पंख्याचा वेग त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरतो. चार पिनांच्या पंख्याला बारा व्होल्ट सतत मिळतात आणि चौथ्या तारेवरून येणारा पीडब्ल्यूएम संकेत, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा विजेचा इशारा, त्याचा वेग ठरवतो. मदरबोर्डावरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरची, पंख्यांची जोडणी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, पीडब्ल्यूएम पद्धतीवर ठेवलेली होती. तीन पिनांच्या पंख्याला तो संकेत पोहोचतच नाही, त्यामुळे तो बिचारा रात्रंदिवस पूर्ण बारा व्होल्टांवर धावत होता. आपण ती नोंद बदलून डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारी, केलीत. नवा भाग एकही लागला नाही.

मी उत्साहाने म्हणालो, आता अगदी कमी करून टाका. आपण 33 टक्क्यांवर आणून दाखवलेत आणि चार व्होल्टांना पंखा जागीच थांबला. फिरायला सुरुवात करण्यासाठी पंख्याला काही किमान जोर लागतो आणि त्याच्याखाली नेले तर शांतता मिळते पण उष्णता आतच कोंडते, हे आपण समजावून सांगितलेत. शेवटी 50 टक्क्यांवर, मिनिटाला सुमारे 620 फेऱ्यांवर, आपण थांबलात. वेग निम्मा केला तर वारा निम्माच होतो, आवाज मात्र जवळजवळ 15 डेसिबलने उतरतो, हा नियम मला अजूनही चमत्कारासारखा वाटतो. एवढ्या मोबदल्यात एवढे मिळणारी गोष्ट संसारात फार थोडी असते.

प्रोसेसरवरच्या पंख्याचा प्रकार वेगळा होता. मी एखादी फाइल उघडली की तो घसरत वर चढायचा आणि क्षणात खाली यायचा. प्रोसेसरचे तापमान एका क्षणात दहा अंशांनी उसळते, पण वरचा धातूचा ठोकळा तापायला वेळ लागतो, तेव्हा प्रत्येक उसळीमागे पंख्याने धावण्याचे कारण नाही, असे आपण म्हणालात. वेग वाढण्या-उतरण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय आपण बायोसमध्ये लावून दिलीत आणि वेगाची रेषा आखलीत: 50 अंशांपर्यंत 40 टक्के, 70 अंशांना 60 टक्के, 85 अंशांना पूर्ण. आता तो धावतच नाही असे नाही, पण वर्गाच्या मध्ये आलाप मोडत नाही.

कॅबिनेट मी एका पोकळ लाकडी पेटीवर ठेवले होते. आपण पेटीवर तळवा ठेवायला सांगितलात, तेव्हा हाताला थरथर जाणवली. तारेचा नाद भोपळ्याने वाढवावा तसा पंख्याचा कंप ती पेटी वाढवत होती. त्याच दिवशी आपण कॅबिनेट फरशीवर रबरी पायांवर ठेवलेत, आणि पंख्यांच्या स्क्रूंच्या जागी मऊ रबरी खुंट्या बसवल्यात.

ज्याबद्दल मला सर्वांत अधिक कृतज्ञता वाटते ती गोष्ट यानंतरची. हे काम फेब्रुवारीत झाले आणि मी ते संपले असे धरून चाललो होतो. मे महिन्यात, भर दुपारी, लू वाहत असताना आपण स्वतःहून आलात. आमच्या ग्वाल्हेरला तेव्हा पारा 45 च्या पुढे जातो, आणि वर्गाच्या वेळी कूलरच्या आवाजामुळे मला तो बंद ठेवावा लागतो. खोली जितकी तापते तितके आतले सगळेच वर सरकते, हे आपल्या ध्यानात होते, माझ्या नव्हते. आपण मला तासभर शिकवायला लावलेत आणि मागे बसून दर दहा मिनिटांनी प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा टिपलात. 74 अंशांच्या वर तो गेला नाही. तरीही उन्हाळ्यासाठी कॅबिनेटचे पंखे 60 टक्क्यांवर नेलेत आणि म्हणालात, "काका, मे-जूनमध्ये थोडा आवाज सोसा, हिवाळ्यात परत उतरवू." आंधीची धूळ पुढच्या जाळीवर साचून नमद्यासारखी झाली होती, ती आपण सोलून दाखवलीत. ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते, हेही तेव्हाच सांगितलेत. जाळी मी आता दर पंधरा दिवसांनी धुतो.

आपण एक पैसाही घेतला नाहीत. रबरी खुंट्यांची किंमतसुद्धा सांगितली नाहीत. मुलीच्या शिकवणीची फी मी घेणार नाही म्हणालो तर आपण रागावलात, म्हणून तो विषय मी पुन्हा काढत नाही.

परवा नागपूरच्या त्याच विद्यार्थिनीला यमन शिकवत होतो. निषादावर थांबून मी गप्प राहिलो, तेव्हा पलीकडून ती म्हणाली, "गुरुजी, आज तानपुऱ्याची जवारी ऐकू येते आहे." जवारी म्हणजे तारेची ती बारीक गुंजणारी झणकार. ते वाक्य आपले आहे, आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून इथे लिहिले.

आता दिवाळी झाली, थंडी पडू लागली आहे. हिवाळ्याची रेषा या वेळी मी स्वतः आखली आहे: कॅबिनेटचे पंखे परत 50 टक्क्यांवर, बाकी आपण ठेवले तसेच. आकड्यांचा कागद कॅबिनेटच्या पट्टीला आतून चिकटवला आहे. येत्या रविवारी आलात की एकदा नजरेखालून घालावा, एवढी विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला कृतज्ञ,
एक गायनशिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर