रेवसच्या खाडीवर गरवायला जाण्याआधी

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय अजित,

सप्रेम नमस्कार.

रेवसला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचं म्हणतोस, तर शनिवार-रविवार बघून दिवस ठरवू नकोस, तिथी बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथल्या धरमतरच्या खाडीत पाण्याला एवढी ओढ असते की गळाच्या दोरीला लावलेलं जड शिसंही तळाला टिकत नाही, आणि पाणी गढूळ होतं ते वेगळंच. अष्टमी ते दशमी भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी आटोक्यात राहतं. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. नवमीला पावणेसात, सकाळीही आणि संध्याकाळीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. शुद्ध नवमी धरलीस तर संध्याकाळी चांदणंही मिळेल.

जिताडा हा खाडीतला मोठा मासा. तो लागायची खरी वेळ म्हणजे भरती फिरल्यावरचे पहिले दोन तास. कांदळवनात शिरलेलं पाणी नाल्यांतून बाहेर पडायला लागतं, त्याबरोबर बोयटं (छोटे मासे) आणि कोळंबी निघते. जिताडा नाल्याच्या तोंडाशी दबा धरून असतो. आमिष तिथेच, कडेला टाक. मधल्या खोल पाण्यात लांब फेकून काही साधत नाही.

जिताड्याला दोरी कापणारे दात नाहीत, पण कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. म्हणून ३० पौंड ताण सोसणाऱ्या ब्रेडपुढे (विणलेल्या दोरीपुढे) ५० पौंडांचा मीटरभर मोनो लीडर, म्हणजे एकेरी नायलॉनचा जाड तुकडा हवाच. शिसं भोकाचं, दोरीवर सरकणारं घे, म्हणजे आमिष उचलताना माशाला वजन लागत नाही. गळ ४/० मापाचा, त्यावर जिवंत बोईट वरच्या ओठातून टोचलेलं.

शिंगाळा हा काटेरी मासाही लागेलच. त्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन विषारी काटे असतात. हाताने धरू नकोस, पकडीने गळ काढ. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेव. उष्णतेने विषाचा जोर मोडतो. म्हणून थर्मास विसरू नकोस. उथळ पाण्यात पाय घासत चाल, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं.

मुक्काम मात्र रेवसला नको, तिथे सगळा चिखल आणि कांदळवन. तंबू जवळच्या आवास गावच्या किनाऱ्यावर वाळूत लाव. आधी ग्रामपंचायतीत विचार आणि परतीची रिक्षा दुपारीच ठरवून ठेव. उधाणाने आणून टाकलेल्या सुक्या कचऱ्याची रेघ दिसेल, तिच्या वरच्या अंगाला जागा धर. वाळूत साधे खुंटे उपटून येतात. पिशव्यांत वाळू भरून, दोर बांधून त्या हातभर खोल पुर. थंडीत संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात आणि उत्तररात्री मतलई वारे जमिनीकडून, तेव्हा दोन्ही बाजूंचे दोर सारखेच ताण. पिण्याचं पाणी माणशी ४ लिटर. सरपणासाठी कांदळाची फांदीही तोडू नकोस, गॅसची छोटी शेगडी ने.

इथून सोपी वाट म्हणजे नेरूळहून उरणची लोकल, पुढे रिक्षाने करंजा आणि तिथून लाँचने रेवस. शेवटच्या लाँचची वेळ करंजाच्या धक्क्यावरच विचारून घे. तिथी ठरली की कळव, भोकाची शिसं माझ्याकडे पुष्कळ आहेत, ती पाठवतो.

तुझा,
महेश